सख्ख्या बहिणीचा सत्कार

“...म्हणजे थँकफुल आणि ग्रेटफुल एकच नव्हे म्हणतोस, मुकुंदा?” आपल्या घरी पानावर बसता बसता शेजारच्या भानुबुवांनी विचारलं.

“छे हो, बुवा! थँकफुल म्हणजे तेवढ्यापुरते आभार. ग्रेटफुल म्हणजे कृतज्ञ. ते आत मुरलेलं असतं. वर्गात तासभर बोलतो मी यावर.”

“मग मालूताई का रुसली?”

मुकुंद सबनीस सर चष्मा काढून पुसू लागले. इंग्रजीचे नावाजलेले प्राध्यापक! एरवी त्यांना थांबवायला घंटा द्यावी लागे.

झालं होतं असं, की सरांच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा या थोरल्या बहिणीनं आपली एक काढून दिली. सर ठणठणीत झाले. वर्ष झालं म्हणून त्यांनी हॉल घेतला, ताईला व्यासपीठावर बसवलं. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं अगदी साग्रसंगीत. मानपत्र अर्ध्यावर आलं आणि ताई उठली. शाल खुर्चीवर ठेवून तडक घरी गेली. तेव्हापासून ती फोनच उचलत नव्हती.

“काय चुकलं हो माझं? तिच्यामुळे जिवंत आहे मी. सकाळी डोळे उघडले की पहिली तीच आठवते. तेच चारचौघांत सांगितलं ना!”

“सख्ख्या बहिणीचा सत्कार केलास, शहाण्या... बरं, ऑपरेशननंतर तिच्याकडे जेवलास कधी?”

“नाही. आणखी किती त्रास द्यायचा तिला? उलट मीच पाठवत असतो. साड्या, मिक्सर, फळं...”

“आणि आधी?”

सरांना हसू आलं. “आधी? दर रविवारी जायचो, न कळवता. थालीपीठ मागायचो. वर लोणी कमी वाढलंस म्हणून भांडायचो.”

बुवांनी आपल्या पानाकडे पाहिलं. पानात एकच भाकरी होती. तिची अर्धी मोडून त्यांनी पुढे केली.

“नको, नको! तुम्हाला काय उरणार?”

बुवांचा हात तसाच राहिला...

सर त्या हाताकडे बघत राहिले. वर्षभर ताईलाही ते हेच तर म्हणत आले होते. नको, नको. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी भाकरी घेतली, खाल्ली. सवयीनं ‘थँक्यू’ ओठांवर आलं, ते घासाबरोबर गिळलं.

“आता काय करू, बुवा?”

“जा तिच्याकडे. रिकाम्या हातानं जा, आणि भूक लागलीय म्हण.”