केरबाने गियरचं तेल बदललं

नांदूरखेड्यात एक भोळा माणूस होता आणि बाकी सगळे शहाणे होते. निदान ते तसं म्हणत. भोळ्याचं नाव केरबा. त्याच्यात खोट एकच होती. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा, आणि एकदा ऐकलेलं जन्मात विसरायचा नाही.

केरबाकडे एक पिकअप होती. तालुक्याचा एक ठेकेदार गाव सोडून गेला, त्याच्याकडून घेतलेली. ऑटोमॅटिक. क्लच नाही, गियर टाकायची कटकट नाही. एक दांडा ओढला की बाकीचं गाडी स्वतः ठरवायची. देवाने बरोबर माणूस बघून गाडी धाडली, असं पारावरचे शहाणे म्हणायचे. केरबाला ते कौतुक वाटायचं.

त्याच्या थोरल्या पोराचं, अंकुशचं, लग्न ठरलं. मुलगी मामाचीच, सुवर्णा. म्हणजे केरबाच्या बायकोची, सगुणाची, सख्खी भाची. सगुणाने आजवर नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं, कारण मागितलं की काय येईल याचा भरवसा नव्हता. पण आता तिची एक हौस होती. भाची सून होऊन दारात आली की उंबऱ्यावर तांदळाचं माप आपल्या हाताने ठेवायचं आणि पोरीला आपण घरात घ्यायचं. पितळेचं माप तिने चिंच लावून लख्ख केलं होतं. रोज काढून पुन्हा घासायची.

आणि नेमकी लग्नाच्या तोंडावर गाडी रुसली. इंजिन डरकाळ्या फोडायचं, गाडी जागची हलायची नाही. लग्नसराईत दुसरी गाडी मिळायची नाही, आणि वऱ्हाड याच गाडीतून जायचं होतं.

पारावर सल्ल्यांना तोटा नव्हता. ज्याने कधी सायकल चालवली नाही त्यानेही गियरबॉक्सवर मत दिलं. मास्तर म्हणाले, बॅटरी उतरली असेल. सरपंच म्हणाले, दृष्ट लागली. केरबाने बॅटरी उतरवून खाली ठेवली, लिंबू-मिरच्या बांधल्या, बॅटरी परत चढवली. गाडी तिथंच. शेवटी तालुक्याच्या मुनीर मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, गियरचं तेल जळालंय, बदलावं लागेल. माझ्याकडे गाड्यांची रांग आहे, तू घरीच कर. मी सांगतो तसं करत जा, म्हणजे झालं.

सांगतो तसं कर, हे केरबाला सांगायची काही गरज नव्हती.

मिस्त्रीने सांगितलं, थंड तेल घट्ट असतं, तेव्हा आधी गाडी चांगली तापव. केरबाने गाडीखाली गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या. सगुणाने धूर पाहिला, हंडाभर पाणी ओतलं आणि स्वतःच्या हाताने मिस्त्रीला पुन्हा फोन लावून दिला.

मिस्त्री म्हणाला, "अरे बाबा, जाळ कशाला लावतोस? इंजिन चालू करून ठेव. आपोआप तापतं."

"बरं," केरबा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

ठेवलं. त्याच दुपारी लग्नासाठी आलेल्या आत्याबाईंना आंघोळीला कढत पाणी हवं होतं. आत्याबाई म्हणजे केरबाच्या बापाची बहीण, हाडाची काडं झालेली, पण जीभ शाबूत. केरबाने पाण्याचा हंडा गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि इंजिन चालू केलं. पाण्याला जाळ लावायचा नाही, ते आपोआप तापतं. डिझेल निम्म्यावर आलं, हंडा थरथरत कडेला सरकला आणि धाडकन खाली आला. आत्याबाई मोरीत बसून केरबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. त्या पिढ्या त्यांच्याही होत्या, हे रागात लक्षात राहिलं नाही.

मग तेल तपासायचं होतं. मिस्त्रीने सांगितलं, तेलात बुडालेली लांब दांडी असते, ती बाहेर काढ. पण पहिल्यांदा दिसतं ते खरं धरायचं नाही. फडक्याने स्वच्छ पुसायची, परत आत घालायची, पुन्हा बाहेर काढून बघायची. मग दिसेल ते खरं.

"बरं," केरबा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

तो दांडी पुसत असतानाच त्याचे सासरे, तात्या, देण्याघेण्याचं बोलायला आले आणि पडवीत टेकले. तात्या म्हणजे नव्या सुनेचे आजोबा, धोतर-फेट्यातले, कडक. केरबा हात पुसत पडवीत आला. त्याला तात्या दिसले. पण पहिल्यांदा दिसतं ते खरं धरायचं नसतं. त्याने तात्यांना दंडाला धरून अंगणात नेलं, हातातल्या फडक्याने त्यांचं तोंड नीट पुसलं, परत आत आणून बसवलं आणि वाकून बघितलं.

"हां," तो म्हणाला. "तात्याच हायेत."

फडकं तेलाचं होतं. तात्यांचं तोंड तव्याच्या बुडासारखं झालं.  ते लेकीकडे वळून म्हणाले, "सगुणे, याला मुलगी दिली ती चूक माझी एकट्याची. आता नात देतोय, ती तुझ्यापायी. पण एवढं याला सांगून ठेव. माझी नात घेऊन ही गाडी वाटेत बसली, तर पोरगी तिथूनच माघारी नेईन."

तात्या गेल्यावर सगुणा चुलीपुढे बसून रडली. केरबाला फार वाईट वाटलं. तो दाराशी उभा राहिला.

"अहो," सगुणा म्हणाली, "एवढं लगीन माझ्यासाठी नीट होऊ द्या. गाडी वाटेत बसू देऊ नका. पोरीला मला दारात घ्यायचंय, दुसरं काय बी नको."

केरबाने मान हलवली. गाडी वाटेत बसू द्यायची नाही, हे त्याने मिस्त्रीच्या शब्दांच्याही वर, अगदी काळजाजवळ ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लाल तेलाचे डबे आले. मिस्त्री फोनवर म्हणाला, आता नवं भर. केरबाने भरलं. पहिला डबा आत मावेना, सगळा उतू जाऊन मांडवापर्यंत वाहिला. मिस्त्रीने विचारलं, जुनं काढलंस का? केरबा म्हणाला, ते तुम्ही बोलला नव्हता. पलीकडे मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. मग मिस्त्री लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं एकेक शब्द सुटा करून बोलला.

"ऐक. नवं भरायच्या आधी जुनं काढायचं. जेवढं काढलं तेवढंच भरायचं. जास्त भरलं की फेस येतो आणि गाडी वाटेत बसते. आणि जुनं फेकू नको. डब्यात घाल, झाकण घट्ट लावून कोपऱ्यात ठेव. दाराची बिजागरी करकरली की कामाला येतं."

"बरं," केरबा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि या खेपेला सगळं बरोबर झालं. खाली घमेलं ठेवून बोल्ट काढला, जुनं काळं तेल मोजलं, तेवढंच नवं लाल तेल भरलं, जुनं डब्यात घालून झाकण लावलं. दांडा ओढला, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पारावरच्या शहाण्यांनी केरबाची पाठ थोपटली, आणि हे आम्हीच सांगितलं होतं, असंही म्हणाले. केरबाला जन्मात पहिल्यांदा वाटलं की आता आपल्याला जमायला लागलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड गाडीत बसलं. केरबाने मोजलं. एकोणीस. गाडी एकदाही न अडता सगुणाच्या माहेरी पोचली. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पोरीची पाठवणी आली. बायका रडत होत्या, बँडवाला जीव तोडून वाजवत होता. सुवर्णाला पुढं अंकुशशेजारी बसवलं. निघण्याआधी केरबाने पुन्हा मोजलं.

वीस.

 एक जास्त. फेस येणार. गाडी वाटेत बसणार. तात्या नातीला माघारी नेणार. सगुणा पुन्हा चुलीपुढे बसून रडणार. तो गाडीभोवती फिरला आणि विचार करू लागला, जे त्याने एरवी कधी केलं नव्हतं. नवं भरायच्या आधी जुनं काढायचं. नवं काय आलंय? या घरची सून. मग या घरची जुनी सून कोण?

तो मागच्या बाजूला गेला आणि सगुणाला म्हणाला, "जरा खाली उतर. आत चल."

तिला वाटलं, ओटीची पिशवी राहिली. ती माहेरच्या धान्याच्या खोलीत शिरली. केरबाने बाहेरून झाकण लावलं, म्हणजे कडी घातली, आणि ती नीट बसली का ते ओढून बघितलं. बँडच्या आवाजात सगुणाची हाक कुणाला ऐकू गेली नाही. मागच्यांना वाटलं ती पुढं बसली, पुढच्यांना वाटलं ती मागं आहे. गाडी सुरेख चालली. वाटेत कुठे बसली नाही.

दिवेलागणीला गाडी दारात आली. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुवर्णा उंबऱ्याशी उभी राहिली. माप कुणी आणेना. मग सगळे विचारू लागले, सगुणा कुठाय?

"काढली," केरबा म्हणाला. "नवी भरायच्या आधी जुनी काढावी लागती. एकोणीस नेले, एकोणीस आणले. मोजून घ्या. आन् फेकली न्हाई. झाकण लावून कोपऱ्यात ठेवलीय. दार करकरलं की कामाला येईल."

सगळं गाव हसलं. सरपंच मांडवाच्या खांबाला धरून हसले. मास्तरांचा चष्मा पडला. फक्त आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांच्या पोराचं लग्न झालं तेव्हापासून त्यांची वाकळ गोठ्यात होती.

"हसताय काय?" त्या म्हणाल्या. "याने त्याची जुनी कुठं ठेवली ते सांगितलं. तुम्ही तुमच्या जुन्या कुठं ठेवल्यात, तेवढं सांगा."

पारावरचे शहाणे मांडवाचे खांब न्याहाळू लागले. एकजण घरी काम आठवून निघूनही गेला. सुवर्णा मात्र हलेना. सगुणाआत्या माप ठेवेल तेव्हाच आत येईन, असं तिने सांगितलं आणि दारात उभी राहिली.

अंकुश बापाला घेऊन तसाच आल्या वाटेने गेला. तात्यांनी खोलीची कडी आधीच काढली होती. सगुणा ओट्यावर बसली होती, ओरडून ओरडून घसा बसलेला, डोळे लाल. ती गाडीकडे निघाली. नवऱ्याला काय काय सुनावायचं ते तिने तासभर मनात रचलं होतं. तेवढ्यात केरबा गाडीतून खाली उतरला.

"तू बस," तो म्हणाला. "येताना आम्ही दोघंच होतो, तर जाताना बी दोघंच पायजेत. तिसरं भरलं की फेस येतो. पोरीला दारात घ्यायचंय ना तुला? मग मी निघतो. आता मीच जुना."

आणि तो शहाण्यासारखा धान्याच्या खोलीत जाऊन ज्वारीच्या पोत्यावर बसला. तात्यांनी कपाळाला हात लावला. सगुणा दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत राहिली. हसावं की रडावं, तिचं तिला कळेना. मग तिने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

घरी येऊन तिने उंबऱ्यावर माप ठेवलं. सुवर्णाने पाय लावला, तांदूळ घरभर सांडले आणि सगुणाने भाचीला पोटाशी धरलं. हौस पुरी झाली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं.

"केरबा कुठाय?"

"डब्यात," सगुणा पदराने डोळे पुसत म्हणाली. "झाकण लावून आले. उद्या बिजागरी करकरली की काढू."