चिमाबाईची मोडकी किल्ली

नळाजवळ होती एक कुंडी. कुंडीमागे होतं एक लाल दार. एवढंस्सं! दारामागे कोण राहायचं? चिमाबाई चिचुंद्री आणि तिचं बाळ.

चिमाबाईचं अंग इवलंसं. नाक मात्र हे एवढं लांब!

गल्लीत फिरायचा बोका. मिशा मोठ्या, पोट त्याहून मोठं. म्हणून बाहेर जाताना चिमाबाई दाराला कुलूप लावायची. खट्ट!

एकदा ती गेली शेंगदाणा आणायला. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. कुलपात किल्ली घातली. किल्ली फिरवली.

कट्!

किल्ली मोडली. अर्धी हातात, अर्धी कुलपात.

आतून बाळ म्हणालं, "आई, भूक!"

चिमाबाई रडत बसली नाही. रडून कुठे कुलूप उघडतं?

"थांब हं सोन्या. किल्लीवाला आणते. आणते म्हणजे आणतेच!"

गावात किल्लीवाला एकच. विहिरीकाठचे खेकडेकाका. नांगीत किल्ल्यांचा जुडगा. खुळखुळ, खुळखुळ!

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमाबाई आली विहिरीकाठी.

"खेकडेकाका, खेकडेकाका, कुलूप उघडा.
किल्ली मोडली कट्,
दार झालं घट्ट,
बाळ माझं आत!"

खेकडा म्हणाला, "घर तुझंच कशावरून? आधी शेजारी आण. शेजाऱ्याने साक्ष दिली, तरच उघडीन."

"अहो काका, बाळ आत आहे!"

"असेल. पण आधी शेजारी आण."

चिमाबाईला आला राग. घर तिचं, बाळ तिचं, आणि म्हणे साक्ष! पण थांबेल ती चिमाबाई कसली? आणते म्हणजे आणतेच!

तुरुतुरु, तुरुतुरु. ती आली शेजारच्या बेडकाकडे.

"बेडूकभाऊ, बेडूकभाऊ, साक्षीला या.
खेकडा कुलूप उघडीना,
किल्ली मोडली कट्,
दार झालं घट्ट,
बाळ माझं आत!"

बेडूक म्हणाला, "डराँव! ऊन बघ किती. अंग सुकलं, उडी येईना. आधी पाणी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. ती आली नळाकडे.

"नळदादा, नळदादा, पाणी सोडा.
बेडूक साक्षीला येईना,
खेकडा कुलूप उघडीना,
किल्ली मोडली कट्,
दार झालं घट्ट,
बाळ माझं आत!"

नळ म्हणाला, "गुर्र गुर्र! तोंडात चिंधीचा बोळा अडकलाय. पाणी सोडू कसं? आधी चिमणी आण. चोचीने बोळा काढू दे."

तेवढ्यात भिंतीवरून कोण बघत होतं? बोका!

बोका म्हणाला, "म्याँव! कशाला एवढी वणवण? दे ती अर्धी किल्ली मला. मी देतो उघडून. साक्ष नको नि शेजारी नको!"

चिमाबाई पटकन भिंतीच्या फटीत शिरली. तिने किल्ली घट्ट धरली. फटीतूनच म्हणाली, "मला किल्लीवाला हवा. बोका नको!"

आणि फटीच्या दुसऱ्या तोंडाने निघालीसुद्धा.

तुरुतुरु, तुरुतुरु. ती आली चिमणीकडे.

"चिमणीताई, चिमणीताई, बोळा काढ.
नळ पाणी सोडीना,
बेडूक साक्षीला येईना,
खेकडा कुलूप उघडीना,
किल्ली मोडली कट्,
दार झालं घट्ट,
बाळ माझं आत!"

चिमणी म्हणाली, "चिव चिव! घरटं माझं अर्धं. उद्या अंडी घालायची. आधी मऊ मऊ काथ्या आण."

काथ्या कुठे मिळतो? नारळाला! नारळ कोण विकतं? कौसामावशी!

तुरुतुरु, तुरुतुरु. ती आली कौसामावशीच्या गाड्याकडे.

"अगं बाई, चिचुंद्री!" कौसामावशी टुणकन स्टुलावर चढली.

चिमाबाईने लक्षच दिलं नाही.

"कौसामावशी, कौसामावशी, काथ्या द्या.
चिमणी बोळा काढीना,
नळ पाणी सोडीना,
बेडूक साक्षीला येईना,
खेकडा कुलूप उघडीना,
किल्ली मोडली कट्,
दार झालं घट्ट,
बाळ माझं आत!"

कौसामावशी हळूच खाली उतरली. म्हणाली, "बाळ आत? अरे देवा! पण मी तरी काय करू? माझी कानातली बुगडी पडली फरशीच्या फटीत. हात जाईना, बोट जाईना. बुगडी नाही तोवर मला काही सुचत नाही बघ."

चिमाबाई म्हणाली, "हात जाईना? बोट जाईना? पण माझं नाक जाईल ना!"

लांब नाक फटीत घातलं. सुळ्ळकन! इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं. बुगडी वर आली. टुण्ण!

मग काय!

कौसामावशीने काथ्या दिला.
काथ्या चिमणीला मिळाला.
चिमणीने बोळा काढला. फट्ट!
नळाने पाणी सोडलं. धो धो!
बेडूक भिजला. डराँव! टुणुक टुणुक उड्या मारत निघाला साक्षीला.

बेडूक म्हणाला, "घर हिचंच! रोज पहाटे हिचं बाळ रडतं आणि माझी झोप मोडतं. मला नाही ठाऊक तर कुणाला?"

खेकडा म्हणाला, "झालं तर! चला."

तिरका तिरका खेकडा आला. नांगीचं टोक कुलपात घातलं. कुर्र कुर्र... टक्! अर्धी किल्ली बाहेर आली. दोन तुकडे जोडून बघितले. घासघास घासून नवी किल्ली केली. कुलपात तेल सोडलं. किल्ली फिरवली.

खट्ट! दार उघडलं.

"आई!"

"माझं सोनं ते!" चिमाबाईने बाळाला घट्ट कुशीत घेतलं. बाळाने शेंगदाणा खाल्ला. कुटुम कुटुम.

मग चिमाबाई म्हणाली, "काका, मी रागावले होते हं तुमच्यावर. केवढं फिरवलंत मला!"

खेकडा म्हणाला, "काल बोका आला होता माझ्याकडे. म्हणाला, कुंडीमागचं लाल दार माझंच. किल्ली हरवली, उघडून दे."

चिमाबाईने बाळाला आणखी जवळ ओढलं. "मग?"

"मग काय? मी म्हटलं, आधी शेजारी आण. तो गेला, तो परत आलाच नाही."

चिमाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काका," ती म्हणाली, "असंच विचारत जा. सगळ्यांना विचारा. मलासुद्धा विचारा!"

खेकड्याने आणखी एक किल्ली करून दिली. एक राहिली चिमाबाईकडे, एक शेजारी बेडूकभाऊंकडे.

दार उघडलं खट्ट,
बाळ कुशीत घट्ट,
गोष्ट मिटली पट्ट!