मानाचा पाट

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. बादली तशीच ठेवून खाली आलो, आणि आठवली ती तिच्या लग्नातली पंगत.

नवऱ्या मुलाचे काका भार्गवराव मानाचा पाट मिळाला नाही म्हणून रुसून उभे होते. पानं वाढून झाली होती, पण ते बसल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करेना. बाबा हात जोडून विनवत होते.

"सूनबाई गणित शिकवतात ना?" काका म्हणाले. "एक ते नऊ अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी मूळ संख्या करून दाखवा. मगच बसतो."

ताईने मुंडावळ्या बाजूला सारल्या.

"होणार नाही, काका. अंक कसेही मांडा, त्यांची बेरीज पंचेचाळीसच. संख्येला नऊने भाग जाणारच. जागा बदलून अंकांची बेरीज घटत नाही, मग पाट बदलून तुमचा मान कसा घटेल?"

पंगत हसली. काका कडेच्या पाटावर बसले आणि म्हणाले, "जिलबी आणा इकडे!"

ते उत्तर तिला तिथेच सुचलं, की आधी ठरवलेलं होतं, हे विचारायचं राहून गेलं.