वैजयंताचा रकाना

"गुरुजी, ऐकणं म्हणजे वाचणं का?"

नागनाथ गुरुजींच्या मांडीवर एक खुर्ची होती. तिची वेताची बैठक ते विणत होते. हात थांबले नाहीत.

"आधी बस. एसटीने आलास ना?"

"हो."

"मग पाणी पी. माठ डाव्या हाताला आहे."

गिरिधर पाणी प्याला, पण बसला नाही.

दोघांनाही दिसत नव्हतं. गिरिधर जन्मापासून अंध. गुरुजींची दृष्टी पाचव्या वर्षी देवीच्या साथीत गेली. तीस वर्षं त्यांनी अंधशाळेत मुलांना ब्रेल शिकवली. जाड कागदावर उठलेले ठिपके बोटाने वाचायला शिकवले. निवृत्त झाल्यावर ते धर्मशाळेच्या शेवटच्या खोलीत राहायला आले आणि लोकांच्या खुर्च्या विणून देऊ लागले.

त्यांच्या जागी आता गिरिधर शिकवत होता. बोटाने त्याच्याइतकं भरभर वाचणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. हे त्याला माहीत होतं.

"कोण ऐकतंय?" गुरुजींनी विचारलं.

"वैजयंता. वर्षापूर्वी शाळेत आली. सतरा वर्षांची आहे. चुनाभट्टीवर कामाला होती. चुना उडाला आणि डोळे गेले."

"आणि बोटं?"

गिरिधर थबकला. गुरुजी बोटांचं विचारतील असं त्याला वाटलं नव्हतं.

"बोटंही चुन्याने खाल्लीत. आधारच्या यंत्रावर ठसा उठत नाही तिचा. अ आणि क तिला सारखेच लागतात. अ चा एक ठिपका, क चे दोन... पण तिला एकच खडबडीतपणा लागतो."

"कंटाळली?"

"नाही. सगळे खेळायला गेले तरी चाचपत बसते."

"मग तक्रार कसली?"

"मागच्या आठवड्यात पकडली. कानात खुंटी घालून फोनवर पुस्तक ऐकत होती. पडद्यावरचं बोलून दाखवतो ना, तसला फोन. मी काढून घेतला."

"बरं केलंस. मीही तुझा तोंडाचा बाजा काढून घेतला होता."

"परत दिला नाहीत."

"तू वाजवायचास कसा ते आठव. सगळ्या वसतिगृहाने आभार मानले होते माझे."

गिरिधर हसला नाही. त्याने पिशवीतून एक कागद काढला.

"दहावीला बसवायच्या मुलांचा हा शाळेचा तक्ता. शेवटचा रकाना, 'वाचता येते'. होय किंवा नाही. सोमवारी द्यायचा आहे. नाही लिहिलं तर तिचं वर्ष गेलं. बाप म्हणतो, यंदा बसत नसेल तर घेऊन जातो. भट्टीवरची पोरं तरी सांभाळेल."

"आणि होय लिहिलंस तर?"

"तर मी खोटं लिहिलं. ती वाचत नाही, गुरुजी. यंत्र वाचतं, ती ऐकते. कीर्तन ऐकणाऱ्याला कोणी साक्षर म्हणतं का?"

"चांगलं बोललास."

"तुमचंच आहे. आम्ही चौथीत असताना म्हणाला होतात."

"तेव्हा मी फार बोलायचो."

गिरिधर खाली बसला. बसताना त्याचा हात खुर्चीला लागला आणि सवयीने बैठकीवरून फिरला. मग मागे आला.

"इथे एक घर सुटलंय, गुरुजी. आणि हे दुसरं... तुमची वीण कधी चुकत नाही."

"चुकते आता."

गुरुजींनी खुर्ची बाजूला ठेवली.

"मागच्या गुरुवारचं तुझं पत्र माझ्या उशाशी आहे. आण जरा."

गिरिधर दर गुरुवारी गुरुजींना ब्रेलमध्ये पत्र लिहीत असे. गुरुजी पाटी आणि टोचणी घेऊन उत्तर टोचत. उत्तर यायला दोन-दोन आठवडे लागत. टपाल संथ आहे, असं गिरिधर धरून चालला होता.

त्याने पत्र आणून दिलं. घडी उलगडल्याचा आवाज आला. मग तो सळसळीची वाट पाहू लागला. ठिपक्यांवरून बोट सरकतं तेव्हा बारीक कोरडी सळसळ होते. वर्गात त्या सळसळीवरून तो सांगायचा, गुरुजी आता ओळीच्या शेवटाला आले.

सळसळ आली नाही.

"गुरुजी?"

उत्तर नाही. फक्त श्वास ऐकू येत होता, कागदावर आपटून परत येणारा.

गिरिधरने हात पुढे केला. मांडीवर कागद नव्हता. त्याने हात वर नेला. कागद गुरुजींच्या तोंडाशी होता. खालचा ओठ ठिपक्यांवर टेकलेला होता आणि एकेका अक्षरावरून सावकाश सरकत होता.

"'या खेपेला...'" गुरुजी म्हणाले. पुन्हा गप्प झाले. "'या खेपेला आंबे...' हां. 'आंबट निघाले.'"

गिरिधरचा हात तिथेच राहिला.

"बोटं?"

"साखर. आधी पावलं बधिर झाली, मग बोटं. तीन वर्षं होतील."

"तीन वर्षं तुम्ही माझी पत्रं..."

"थंडीत ओठ फाटतो. आणि नेमकं थंडीत तू लांबलचक लिहितोस."

"सांगायचं नाही का? मी लिहिण्याऐवजी फोन केला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

बाहेर कोणीतरी धर्मशाळेचं अंगण झाडत होतं. झाडू लांब गेला, मग परत जवळ आला.

गिरिधरने आवाज ताठ करून पाहिला, पण जमलं नाही.

"मग तर झालंच. तुम्ही या वयात ओठाने वाचता. तिला काय अडचण आहे? ओठ तिलाही आहेत."

"चुना डोळ्यांत गेला तेव्हा ओठ शाबूत राहिले असं तुला कोणी सांगितलं?"

वर्षभरात गिरिधरने हे कधी विचारलं नव्हतं.

"फोन कुठे आहे तिचा?"

"पिशवीत."

"काढ."

गुरुजींनी कानात घालायची खुंटी उपटून बाजूला ठेवली. काचेवर दोनदा टिचकी मारली.

"तुम्हाला येतो हा चालवता?"

"पुतण्याने मलाही एक दिलाय. त्यातली बाई मला पेपर वाचून दाखवते. बरी आहे. माझ्यासारखी पट्टी घेऊन मागे लागत नाही."

फोन बोलू लागला. पण ते बोलणं वाटेना. पत्र्यावर ज्वारी सांडावी तसा नुसता तडतडाट सुरू झाला. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो, पत्ता लागत नव्हता.

"बिघडलाय," गिरिधर म्हणाला.

"बिघडलेला नाही. वेग तिने लावलाय एवढा. माझी बाई बैलगाडीने येते, हिची मोटारीने. वाच, काय लिहिलंय."

"वाच?"

"बरं, ऐक."

गिरिधर पुढे वाकला. डोकं एका बाजूला कलतं केलं. तडतडाट त्याच्या कानाजवळून निघून गेला.

"पुन्हा लावा."

गुरुजींनी मागे नेऊन पुन्हा लावलं. या वेळी एक शब्द हाती लागला. विहीर. तो धरून ठेवेपर्यंत पुढचं पान निम्मं संपलं होतं.

"पुन्हा."

तिसऱ्या वेळी विहीरही सापडली नाही.

"काय आहे?" गुरुजींनी विचारलं.

गिरिधरने बोटं एकमेकांवर घासली. जिल्ह्यात सगळ्यांत भरभर वाचणारी बोटं.

"...मला नाही कळत."

"मलाही नाही," गुरुजी म्हणाले, आणि मोठी गंमत झाल्यासारखे हसले. "तिला कळत असेल?"

"हसत होती."

"कोण?"

"वैजयंता. पकडली तेव्हा. जिन्याखाली एकटी बसून हसत होती. हसण्यावरूनच तर सापडली मला."

गुरुजींनी फोन थांबवला.

मग गिरिधरने खुर्ची आपल्या मांडीवर ओढली. सुटलेलं घर शोधलं, वेत थोडा उसवला आणि पुन्हा ओवला. मग दुसरं घर. गुरुजींनी त्याला ओवू दिलं. मधून मधून वेताची पट्टी ओली करून त्याच्या हातात देत राहिले.

"आठ दिवस झाले ना फोन काढून घेऊन?"

"नऊ."

"काय करते मग ती?"

"ठिपके चाचपते." गिरिधरचा हात वेतावर थांबला. "मागत नाही फोन. एकदाच विचारलं, सर, त्याला दोर मिळाला का. कशाबद्दल म्हणत होती कोण जाणे. मी म्हटलं, पाठ कर आधी."

"हं..."

गिरिधरने वेताचं टोक आत खोचलं. तळवा फिरवून पाहिला. वीण सलग लागली. तरी तो उठला नाही.

"रकान्यात काय लिहू, गुरुजी?"

गुरुजींनी फोन चाचपत त्याच्या पिशवीत सोडला आणि पिशवीचा बंद त्याच्या हातात दिला.

"हा आज परत दे तिला. बसू दे घटकाभर. आणि ऐन मधेच जेवायला हाक मारून बघ. लगेच उठली नाही, तर काय लिहायचं ते मला विचारू नकोस."