मानाची बकेट

खडीच्या खाणीला लागून असलेल्या एका गावात केरबा नावाचा एक ट्रकवाला राहत होता. ट्रक स्वतःचा, दहा चाकांचा. घर स्वतःचं, दोन खोल्यांचं. आणि या दोन्हींत माणूस मात्र एकच. बायको सरू वारली होती, मुलगी लग्न होऊन लांब नांदायला गेली होती. लोक म्हणायचे, "केरबाचं काय बाबा, एकटा जीव सदाशिव!" म्हणणाऱ्यांचं काय जातं? ते घरी गेले की त्यांना कुणीतरी 'आलात का' म्हणून विचारायचं. केरबा आपल्याच हातानं कुलूप काढायचा, आपल्याच हातानं दिवा लावायचा, भाकरी थापायचा आणि भिंतीकडं तोंड करून खायचा.

म्हणून तो घरात फारसा थांबायचाच नाही. उजाडलं की खाणीवर हजर. तिथं चहाच्या टपरीपुढं एक लांबलचक बाकडं होतं. गाडी भरायची पाळी येईपर्यंत सगळे ट्रकवाले त्यावर बसायचे. एकमेकांची थट्टा करायचे, सरकारला शिव्या घालायचे, चहा ढोसायचे. केरबा फार बोलायचा नाही. पण मधोमध बसायचा आणि ऐकायचा. दिवसभरात माणसाचं बोलणं त्याच्या कानावर पडायचं ते तेवढंच.

आता त्या खाणीवर एक रीत होती. गाडीचा हौदा नेमानं भरला की लोडरवाला म्हसकू तिथंच थांबायचा नाही. आणखी एक बकेट, म्हणजे लोडरच्या पंजात मावेल तेवढी खडी उचलायचा आणि शिगेवर ओतायचा. तिला म्हणायचे मानाची बकेट. त्या जादा खडीचे चार पैसे सुटायचे हे खरं, पण खरी गोष्ट मानाची. ती बकेट आपल्या माणसाला मिळायची. तिला नको म्हणणं म्हणजे पंगतीत बसून वाढलेलं ताट दूर सारण्यासारखं. मागं एका नव्या ट्रकवाल्यानं नको म्हटलं होतं. त्याच्याशी कुणी भांडलं नाही की काही नाही, फक्त बाकड्यावर सरकून जागा दिली नाही. थोड्याच दिवसांत तो दुसऱ्या खाणीवर गेला. केरबानं हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तो मनातून धसकला होता.

पण गाडी काही मानापानावर चालत नाही. केरबाच्या ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवर भार तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या, वरचेवर मोडायला लागले. वजनकाटा होता डोंगराचा चढ ओलांडून पलीकडं. म्हणजे गाडीत किती माल आहे हे कळणार कधी? तर चढ चढून झाल्यावर! वरातीमागून घोडं, दुसरं काय. शेवटी कुणीतरी सांगितलं की तालुक्याला इलाही नावाचा मिस्त्री आहे, तो गाडीतच काटा बसवून देतो. केरबानं त्याला बोलावलं.

इलाही सगळा दिवस गाडीखाली होता. आधी त्यानं चाकांच्या दांड्यांवरचा चिखल खरवडला, पोलाद चकाकेपर्यंत घासलं. मग तिथं बोटभर उंचीच्या डब्या घट्ट बसवल्या. भार पडला की पोलाद केसभर वाकतं, ते या डब्यांना कळतं, असं त्यानं सांगितलं. डब्यांपासून वायर ओढून त्यानं केबिनमध्ये स्टिअरिंगशेजारी आकडे दाखवणारं यंत्र लावलं. माल बेतात असला की हिरवा दिवा, जास्त झाला की तांबडा. केरबा दिवसभर त्याच्याजवळ उकिडवा बसून होता. पाना देऊ का, पाणी आणू का, चहा सांगू का. काम बघायचं होतंच, पण बोलायला माणूस आहे याचंच त्याला जास्त सुख होतं. काम संपत आलं तसं त्याला वाईट वाटायला लागलं.

"दादा, आता हौदा झाडून काढा," इलाही म्हणाला. "गाडी पार रिकामी असताना हे बटण दाबायचं. रिकामं म्हणजे काय, हे काट्याला एकदाच शिकवायचं असतं. पुढचं सगळं तो त्यावरून मोजतो."

केरबानं हौदा झाडला, बटण दाबलं. आकडा शून्यावर आला. मग भरलेली गाडी पलीकडच्या मोठ्या काट्यावर नेऊन दोघांनी आकडे ताडून पाहिले. बरोबर जुळले. इलाही मोटारसायकलला किक मारून गेला.

दुसऱ्या दिवशी खाणीवर म्हसकूनं मानाची बकेट ओतली आणि केबिनमध्ये तांबडा दिवा लागला. नुसता दिवा नाही, पिंपिं करून यंत्र कोकलायला लागलं. बाकड्यावरचा तुळशीराम टुणकन उठला. तो होता सगळ्यांत तोंडाळ.

"अगं आई गं! केरबानं गाडीत सासू आणून बसवली! मोजून खा म्हणतीय रं!"

सगळे पोट धरून हसले. केरबाही हसला. म्हसकू तेवढा हसला नाही. त्याला ते लागलं.

"माझा मान तुझ्या डबीनं मोजायचा असंल, तर राहू दे बाबा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून म्हसकू केरबाची गाडी नेमापुरती भरायचा आणि मान वळवायचा. बाकड्यावर कुणी सरकेना. केरबा उभ्यानं चहा प्यायचा. कुणी वाईट बोललं असतं तरी त्याला चाललं असतं. कुणी काहीच बोलत नव्हतं. घरी भिंत गप्प, खाणीवर माणसं गप्प. त्याला भाकरी गोड लागेना. एके दिवशी तर त्यानं मुलीला फोन लावला आणि ती घाईत आहे म्हटल्यावर, 'सहज केला होता' म्हणून ठेवून दिला.

अखेर तो इलाहीच्या दुकानी गेला. म्हणाला, "तो काटा जरा समजूतदार कर बाबा."

"काटा कसला समजूतदार होतोय, दादा? हौद्यात बकेटभर खडी ठेवून बटण दाबलं, तर ती बकेट त्याला जन्मात दिसायची नाही. पण मी ते करणार नाही. चढावर गाडी तुम्हाला चालवायची आहे."

"तुला घरी बायकापोरं आहेत," केरबा चिडून म्हणाला. "तुला काय कळणार?"

आणि ताडकन निघून आला. वाटेत गाडी एका बाजूला घेतली. हौद्यात उरलेली खडी होती, एका बकेटीपुरती. कमी पडायला नको म्हणून त्यानं रस्त्याकडेच्या ढिगातली आणखी तेवढीच फावड्यानं भरली. मग केबिनमध्ये बसून बटण दाबलं. आकडा मुकाट्यानं शून्यावर आला. यंत्रच ते, शिकवाल ते शिकतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन हाक मारली, "म्हसकू, माझी बकेट कुठाय रं?"

म्हसकूनं ओतली. दिवा हिरवा. तुळशीराम केबिनमध्ये डोकावला आणि ओरडला, "माणसाळला! केरबाचा काटा माणसाळला!" बाकडं सरकलं. केरबा मधोमध बसला. त्या दिवशी तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. म्हसकूही खूश. म्हणाला, "मग आणखी एक घे की, दिवा तर अजून हिरवाच आहे."

आणि गंमत बघा. केरबानंही दिव्याकडंच पाहिलं. हिरवा आहे, मग काय हरकत आहे? खोटं बोलायला ज्यानं शिकवलं, तोच आता त्या खोट्यावर विसंबून राहायला लागला. रोज दोन-दोन बकेट मान घेऊन त्याची गाडी चढ चढायला लागली.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी, ऐन चढावर, फाडकन आवाज झाला. पाटा मोडला आणि गाडी एका अंगाला बसली. केरबानं उडी मारली, धावत जाऊन चाकांमागं दगड लावले. गाडी थांबली, जीव वाचला. केबिनमध्ये बघतो तर दिवा हिरवागार.

मागून तुळशीरामाची गाडी आली. केरबानं हात केला. तुळशीरामानं खिडकीतून डोकं काढलं.

"थांबलो असतो रं केरबा! पण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलत नाही!"

त्यानं हॉर्न दिला आणि गेला. त्यामागून दुसरा आला. त्यानंही हॉर्न दिला, हात हलवला, गेला. तिसरा गेला. सगळे बाकड्यावरचे. केरबानं म्हसकूला फोन लावला. तो म्हणाला, "लोडर सोडून कसा येऊ बाबा? कुणी थांबतंय का बघ."

केरबा रस्त्याकडेला धोंड्यावर बसला. वर ऊन तापलेलं, खाली दरी. त्याला कुणाचाच राग येईना, कारण त्यानंही आजवर असाच हॉर्न देऊन कितीजणांना मागं टाकलं होतं. त्यांची मनं वाईट नव्हती. त्यांच्या गाड्या जड होत्या. एकेकाच्या हौद्यावर म्हसकूचा मान होता आणि त्या मानापायी कुणाला कुणासाठी थांबता येत नव्हतं. घरातला एकटेपणा एक वेळ परवडला, तिथून कुणी जात तरी नाही. इथं तर माणसं नावानं हाक मारून निघून जात होती. केरबा डोळ्यांना पंचा लावून लहान पोरासारखा रडला.

मग लाज गिळून त्यानं इलाहीला फोन केला.

इलाही आला. मोटारसायकलला नवा पाटा बांधून, जॅक घेऊन आला. आधी केबिनमध्ये वाकून पाहिलं.

"दिवा हिरवाच आहे की, दादा."

"मीच केला तो हिरवा."

"कळलं ते."

"मग आलास कसा?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून," इलाही म्हणाला आणि फावडं शोधायला लागला.

दोघांनी खडी कडेला उपसली, पाटा बदलला. सपाटीवर आल्यावर केरबानं हौदा पुन्हा झाडला. पार कोपऱ्यातली कच काढली. आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी गाडी भरली. म्हसकूनं सवयीनं बकेट वर उचलली. केरबानं खिडकीतून हात दाखवला.

"म्हसकू, बास."

"का रं? फोन केलास तेव्हा आलो नाही म्हणून रागावलास?"

"नाही रं. पण बास."

बकेट थोडा वेळ तशीच अधांतरी राहिली. मग ढिगावर जाऊन रिकामी झाली. केरबा चहाला गेला. कुणी सरकलं नाही. त्यानं कप उचलला आणि आपल्या गाडीच्या पायरीवर जाऊन बसला. आता बरोबर वागला म्हणून त्याला लगेच बरं वाटलं असेल, असं समजू नका. त्याचा जीव तुटत होता. आपण चुकलो नाही हे माहीत असलं तरी माणसाला एकटं वाटायचं थांबत नाही. तो तिकडून बाकड्याकडं बघायचा, हसण्याचा आवाज ऐकायचा आणि कप धुऊन ठेवून निघायचा. असे कितीतरी दिवस गेले. तांबडा दिवा काही लागला नाही, पण कुणी हाकही मारली नाही.

आणि एके सकाळी चढावर तुळशीरामाची गाडी एका अंगाला बसलेली त्याला दिसली. पाटाच मोडला होता. तुळशीराम एका हातानं चाकामागं दगड रेटत होता, दुसऱ्या हातानं येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होता. पुढच्या दोन गाड्या हॉर्न देऊन निघून गेल्या. तुळशीरामाचा हात खाली आला.

केरबाचा पाय क्षणभर ब्रेक दाबावा की पुढं जावं या विचारात पडला. ते सगळं हसणं त्याला आठवलं. मग त्यानं ब्रेक दाबला. भरलेली गाडी ऐन चढावर उभी केली, खाली उतरला आणि एक मोठा धोंडा उचलून तुळशीरामाच्या चाकामागं लावला.

तुळशीराम डोळे फाडून बघत राहिला.

"केरबा, अरे, चढावर थांबलास? आता उचलंल का तुझी गाडी?"

"उचलंल," केरबा म्हणाला. "चल, बस. पाटा घेऊन येऊ."

तुळशीराम केबिनमध्ये चढला. केरबानं गाडी सुरू केली. ती जराशी मागं सरली, तुळशीरामानं डोळे मिटले. मग चाकांनी रस्ता धरला आणि गाडी सावकाश चढायला लागली. तुळशीरामानं डोळे उघडले आणि चढ संपेपर्यंत तो स्टिअरिंगशेजारच्या हिरव्या दिव्याकडं बघत राहिला. केरबाच्या शेजारी माणूस बसला होता, त्याला तेवढंच पुरे होतं.

तात्पर्य: चारचौघांनी जवळ करावं म्हणून आपल्याजवळचं खरं माप खोटं करू नये. अशानं मिळालेली सोबत सपाटीला हसते आणि चढाला सोडून जाते. ज्याचं ओझं बेताचं, त्यालाच दुसऱ्यासाठी थांबता येतं.