निवलेले पाय

गेनबा कुंभाराच्या पायांना डोळे आहेत, असं त्याच्या गावात म्हणायचे. आणि ते काही उगाच म्हणत नव्हते. तळ्याकाठची माती आणून, भिजवून, तिच्यात राख आणि लीद मिसळून तो ती अनवाणी तुडवायला लागला, की जोंधळ्याएवढा खडासुद्धा त्याच्या तळपायातून सुटत नसे. तो मध्येच थांबायचा, वाकून दोन बोटांनी खडा उचलायचा आणि भिरकावून द्यायचा. खडा राहिलेलं मडकं आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, हमखास तडकतं. गेनबाची मडकी तडकत नसत, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. दुसरा कुणी माती चाळणीनं चाळताना दिसला, की हा हसायचा. ज्याचे पाय आंधळे त्याला चाळणी लागते, म्हणायचा.

पन्नाशी ओलांडली आणि गेनबाला साखरेचा आजार जडला. दवाखान्यातून तो गोळ्या आणायचा. आठवण झाली तर घ्यायचा, नाही झाली तर नाही. पुढे त्याच्या तळपायांची आग व्हायला लागली. दोन वर्षं त्यानं ती सोसली. रांजणातलं पाणी पायांवर ओतून घ्यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की आग थांबली आहे.

"पाय निवले," त्यानं बायकोला, सगुणाला, सांगितलं.

हा शब्द त्याच्या धंद्यातला. आवा पेटतो, दिवसभर धगधगतो, मग सावकाश निवतो. निवला की काम फत्ते, माल काढायला मोकळे. पायांचंही तसंच झालं, असं त्यानं धरून टाकलं आणि उरल्यासुरल्या गोळ्याही सोडल्या. सगुणा म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ. पण बऱ्या झालेल्या पायांना काय दाखवायचं, असं म्हणून त्यानं तिला उडवून लावलं.

खरं सांगू का, गेनबाला निवले म्हणायची घाईच झाली होती. कारण पलीकडच्या आळीत त्याचा थोरला चुलत भाऊ म्हादबा राहायचा. म्हादबालाही हाच आजार. त्याच्या डाव्या अंगठ्याला साधा फोड आला होता. तो चिघळला, काळा पडला, आणि शेवटी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. तेव्हापासून म्हादबा उंबऱ्यात बसून असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा. गेनबा मात्र तळ्यावर जायला लांबची वाट धरायचा, आणि कधी हाक कानावर आलीच तर ऐकू न आल्यासारखं करायचा. भावाची कीव येत नव्हती असं नाही. पण कीव थोडी आणि भीती फार.

संक्रांतीला बारा दिवस उरले. वाणासाठी बायांना सुगडं लागतात, आणि तडा गेलेलं सुगड कुणी हातात धरत नाही. गेनबानं माती तुडवली, सुगडं घडवली, वाळवली, आवा लावला. निवल्यावर वरची राख बाजूला सारून पहिलं सुगड काढलं, तर त्याला तडा. दुसऱ्यालाही. पाचव्याचे तर दोन तुकडे. निम्मा आवा वाया गेला. गेनबा आधी तळ्याच्या मातीवर घसरला, मग लाकडांवर, मग वाऱ्यावर. सगुणानं एक तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला. तड्याच्या तोंडाशी तुरीच्या दाण्याएवढा पांढरा खडा बसलेला होता.

हा खडा त्याच्या पायाखालून गेला होता. एकदा नव्हे, शंभरदा गेला असेल. हे गेनबालाही कळलं. पण तोंडानं तो एवढंच म्हणाला, की यंदा मातीच खराब आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुद्दाम सावकाश माती तुडवायला लागला. एकेक पाऊल दाबून, शोधत. पायाला काहीच लागेना. माती आज स्वच्छ आहे म्हणून त्याला जरा बरं वाटलं. तासाभरानं सगुणा पाण्याची घागर घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. काळ्या मातीत त्याच्या पावलांखाली लाल रेघा उमटल्या होत्या.

"अहो, पाय वर करा," ती म्हणाली.

उजव्या टाचेत खापराचा तुकडा रुतला होता. चांगला बोटाच्या पेराएवढा. त्याच्यावर उभा राहून गेनबा तासभर माती तुडवत होता. सगुणानं विचारलं, दुखत नाही का? त्यानं मान हलवली. नाही. जराही नाही. आयुष्यात त्याला विंचू चावला होता, आव्याच्या जाळानं हात भाजला होता. पण कुठल्याही दुखण्याला तो इतका घाबरला नव्हता, जितका या न दुखण्याला घाबरला. उंबऱ्यातला म्हादबा त्याला लख्ख दिसायला लागला.

सगुणानं त्याला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खापर काढलं, जखम धुऊन पट्टी बांधली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. हाडापर्यंत गेलेलं नाही, थोडक्यात वाचलात, म्हणाले. जखम भरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही अशी ताकीद दिली आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत मुलाणीबाईंकडे पाठवलं. या फिजिओथेरपीच्या बाई, म्हणजे हातापायांची तपासणी करून व्यायाम शिकवणाऱ्या.

बाईंच्या टेबलावर एक नायलॉनचा दोरा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसला बारीक आणि ताठ. त्यांनी गेनबाला डोळे मिटायला सांगितले. तळपायाला दोरा टेकल्यासारखं वाटलं, की हो म्हणायचं.

गेनबानं डोळे मिटले. काहीच कळेना. त्यानं श्वास धरून वाट पाहिली, तरी काही कळेना. आपण गप्प राहिलो तर बाई कागदावर काहीतरी लिहितील, डॉक्टर येतील आणि पाय जाईल, असं त्याच्या मनानं घेतलं.

"हो," तो म्हणाला. थोडं थांबून परत म्हणाला, "हो." आणि मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं, "हो."

"काका, डोळे उघडा," मुलाणीबाई म्हणाल्या. दोरा टेबलावर होता तिथंच पडलेला होता. "मी अजून दोरा उचललेलाच नाही."

सगुणानं मान खाली घातली. गेनबाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मग त्यानं सांगून टाकलं, की मला भीती वाटते. म्हादबाचं सांगितलं, लांबच्या वाटेचं सांगितलं. पाय निवले म्हणून गोळ्या सोडल्या, तेही सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "काका, आवा निवणं आणि आवा विझणं एकच का हो?"

हे काय विचारणं झालं? गेनबा लगेच सांगायला लागला, की निवतो तो आपलं काम पुरं करून निवतो. मध्येच विझला तर मडकी कच्ची राहतात, पाणी भरलं की गळून जातात, आणि वरून बघून तर कळतसुद्धा... वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्याचं त्यालाच कळलं होतं, की पाय निवले नव्हते, विझत चालले होते.

बाईंनी आता खरंच दोरा उचलला. या खेपेला टेकवताना प्रत्येक वेळी त्या विचारत होत्या, आता कळतंय का? दहापैकी सात वेळा गेनबा नाही म्हणाला. ते म्हणायची त्याला भीती वाटत होती, पण तो नाही म्हणाला.

मग बाईंनी समजावलं. गेलेली जाणीव परत येईलच, असं त्या सांगणार नव्हत्या. पण घोटा आखडला आहे, बोटं वाकडी होत चालली आहेत, त्यामुळे सगळा भार अंगठ्याखाली एकाच जागी पडतो आणि तिथं घट्टा धरलाय. पुढची जखम तिथंच होणार, आणि ती होऊ नये यासाठी हातात बरंच काही आहे. जखम भरल्यावर खुर्चीत बसून घोटा वरखाली करायचा. बोटांनी जमिनीवरचं फडकं गोळा करायचं. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. मऊ तळाचे बूट घालायचे, तेही आधी झटकून. आणि यापुढे अनवाणी माती तुडवायची नाही.

हे शेवटचं गेनबाला फार लागलं. मग मातीतला खडा कोण ओळखणार, त्यानं विचारलं.

"जे पायांना कळत नाही, ते डोळ्यांना विचारायचं," बाई म्हणाल्या.

महिन्याभरात जखम भरली. गेनबानं चाळणी आणली. तो माती चाळायचा, सगुणा तुडवायची. तो अंगणात बसून पायाच्या बोटांनी फडकं गोळा करायला लागला, की गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तो गोळा करतच राहायचा. मडकं गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी कुंभार ते फिरवून सगळीकडून बघतो. तसा तो रोज दिवस मावळायच्या आत आरसा खाली धरून तळपाय बघायचा. भीती गेली नव्हती. पण आता ती त्याला लांबच्या वाटेनं नेत नव्हती, रोज आरसा उचलायला लावत होती.

एका सकाळी त्यानं बूट झटकला आणि आतून एक खडा पडला. जोंधळ्याएवढा. गेनबानं तो तळहातावर घेऊन पाहिला. न झटकता घातला असता तर संध्याकाळपर्यंत काय झालं असतं? मग त्याला म्हादबाचा उरलेला पाय आठवला. त्यानं बूट चढवले आणि जवळच्या वाटेनं पलीकडच्या आळीत गेला.

म्हादबा उंबऱ्यात होता. आज वाट चुकलास का रे, त्यानं विचारलं. गेनबा त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

"दादा, उजवा पाय दाखव."

"त्याला काय धाड भरलीय?" म्हादबा म्हणाला. "मधे आग आग व्हायची. आता निवलाय."

हा शब्द गेनबाच्या ओळखीचा होता. त्यानं भावाचा पाय मांडीवर घेतला आणि तळवा उजेडाकडे वळवला. अंगठ्याखाली घट्टा होता, आणि घट्ट्याच्या कडेला नखाएवढी ओली चीर.

"रिक्षा आणतो," तो म्हणाला. "आत्ताच निघायचं."

तात्पर्य: दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं धरून चालू नये. शरीर जिथं बोलायचं थांबतं, तिथं रोज आपल्या डोळ्यांनी बघावं. आणि भीती वाटत असली तरी विचारणाऱ्याला खरं तेच सांगावं.