नावघेणीचा कातळ

करपेवाडीच्या वर, खिंडीत, दरीकडे झुकलेला एक काळा कातळ आहे. त्याला नावघेणीचा कातळ म्हणतात. आसपासच्या गावांत जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने काढत नाहीत. करपेवाडीत मात्र इथे उभं राहून ते मोठ्याने घ्यायची रीत आहे. वाडीतले कोंडाजीबाबा वाट दाखवायला आले की पाहुण्यांना इथे बसवून या रीतीची गोष्ट सांगतात.

फार जुना काळ. वाडीतला केरू बैलांच्या पाठीवर कोकणातून मीठ आणायचा. एका पौषात बैल गोण्यांसकट घरी आले, केरू आला नाही. वाटेवर रक्त नाही, फाटलेलं मुंडासं नाही. घरात त्याची बायको ठकू, दोन लहान मुली आणि म्हातारी आई हौसाबाई. कोणी म्हणालं वाघाने नेला, कोणी म्हणालं खाली कोकणात दुसरं घर केलं. ठकू दोन्ही ऐकून घ्यायची आणि भाताच्या खाचरात उतरायची. तिला धड रडताही येत नव्हतं, धड रागावताही येत नव्हतं.

अशी वर्षं गेली. शेवटी दिरांनी ठरवलं, पळसाच्या पानांचा पुतळा करून केरूच्या नावाने अग्नी द्यायचा. म्हणजे ठकूचं कुंकू पुसलं जाणार. पानं ओसरीवर येऊन पडली, आणि त्याच दिवशी तूप विकायला आलेल्या धनगरणीने सांगितलं, की खिंडीपलीकडच्या रानात एकजण एकटाच राहतो, माणूस दिसला की पळतो. दीर धावत गेले. लांबून त्यांनी भावाला ओळखलं, ‘दादा, दादा’ म्हणून हाका मारल्या. तो झाडीत शिरला.

मग ठकू स्वतः निघाली. हौसाबाई काठी टेकत मागून आली. कातळावरून दरीपलीकडे तो दिसला. म्हातारीने हाक मारली, पण तिचा आवाज दरी ओलांडेना. ठकूने ‘अहो’ म्हणून साद घातली, मग थोरलीच्या नावाने, ‘सोनीचे बाबा’ म्हणून. तो पाठ फिरवून चालू लागला.

"नाव घे त्याचं," हौसाबाई म्हणाली.

"आत्याबाई, नाव घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणतात."

"त्याला जाळायला निघालोय आपण. आणखी काय कमी व्हायचंय?"

ठकू कातळाच्या टोकाशी गेली. मग रानात चुकलेल्या गाईला घालावी तशी मोकळ्या गळ्याने तिने साद घातली, "केरूऽऽ"

तो थांबला म्हणे. बराच वेळ उभा राहिला, आणि मग दरीला वळसा घालून, वाट आठवत आठवत, आला. समोर येऊन त्याने एवढंच विचारलं, "बैल पोचले का घरी?"

"पोचले," ठकू म्हणाली आणि तिथेच मटकन बसली. इतक्या वर्षांचं रडू तिला तेव्हा आलं.

आपण का गेलो, कुठे होतो, हे केरूला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ठकूनेही पुढे विचारायचं सोडून दिलं. त्याने मुलींची लग्नं केली, नातवंडं खेळवली आणि चांगला म्हातारा होऊन गेला, असं सांगतात.

आजही वाडीत नवी सून आली की सासू तिला कातळावर नेते. सून नवऱ्याचं नाव घेते, आणि खाली शेतातून तो हातातलं काम टाकून ‘ओ’ देतो. शहरात नोकरीला असेल तर फोनवरून देतो, तेही चालतं. पण ‘ओ’ कानावर पडल्याशिवाय करपेवाडीची सून त्या कातळावरून उतरत नाही.